मार्चअखेरचा रोजमेळ आणि सर्व्हरची मेमरी : सोलापुरातील एका पेढीचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात चादरी आणि टेरी टॉवेल यांची घाऊक विक्री करणाऱ्या एका पेढीचे वेब ॲप्लिकेशन मी बांधले आणि आजही मीच सांभाळतो. दुकानाच्या मागच्या अंगाला पेढीचे स्वतःचे जकार्ड माग आहेत आणि माळ्यावर हिशेबाची खोली आहे. ऑर्डर नोंदवणे, चलन काढणे, प्रत्येक पार्टीला तिच्या दराचे भावपत्रक दाखवणे आणि खातेउतारा देणे अशी चार कामे या ॲप्लिकेशनकडे आहेत. एका मार्चअखेरीस ते तीन दिवसांत सात वेळा बंद पडले. त्याचे कारण शोधताना आणि पाने तयार करण्याची पद्धत नव्याने ठरवताना जे हाती लागले, ते येथे मांडत आहे. पान कोणत्या पद्धतीने तयार करायचे हा प्रश्न आपण बहुधा सोयीचा म्हणून सोडवतो आणि मेमरी हा सर्व्हरचा विषय म्हणून बाजूला ठेवतो. या प्रकरणात मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न निघाला, तो म्हणजे साचा (पानाचा ठरलेला आराखडा) आणि त्यातून तयार होणारे पान किती वेळ आणि कोणाजवळ अडकून राहते.

मांडणी साधी होती. पायथॉन भाषेतील फ्लास्क ही वेब चौकट, साच्यांतून पाने तयार करण्यासाठी जिंजा, डेटाबेस पोस्टग्रेस, समोर विनंत्या स्वीकारणारा एनजिनएक्स आणि मध्ये गनिकॉर्नचे ५ वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या ५ स्वतंत्र प्रक्रिया. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरला प्रोसेसरचे २ कोअर आणि २ जीबी मेमरी होती. वर्करची संख्या मी गनिकॉर्नच्या मार्गदर्शिकेतील सूत्राप्रमाणे, म्हणजे कोअरची दुप्पट अधिक एक, अशी ठेवली होती. त्या सूत्रात मेमरीचा विचार नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. नुकताच सुरू झालेला वर्कर सुमारे ११० एमबी घेत असे, म्हणजे पाचांचे ५५० एमबी आणि त्याच यंत्रावर डेटाबेसही. कागदावर हे पुरेसे दिसत होते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हिशेबनीस काकांनी सीएकडे पाठवण्यासाठी वर्षभराचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमा-नावेची वही, उघडला. त्यात जवळपास ४०,००० नोंदी होत्या. पान लवकर येईना म्हणून त्यांनी ते पुन्हा उघडले, मग आणखी एकदा. त्याच वेळी गावोगावच्या पार्ट्या आपापला खातेउतारा पाहत होत्या. काही मिनिटांत सगळ्यांच्या पडद्यावर ५०२ ची, म्हणजे मागचा सर्व्हर उत्तर देत नसल्याची, त्रुटी आली. सर्व्हरच्या नोंदवहीत कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) मेमरी संपल्यामुळे गनिकॉर्नचा वर्कर मारल्याची ओळ होती. सात घटनांपैकी एकदा तर वर्करऐवजी पोस्टग्रेसची प्रक्रिया मारली गेली. डेटाबेस सावरला, एकही नोंद गेली नाही, पण ती ओळ वाचताना माझ्या छातीत धस्स झाले होते.

पेढीच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी सरळ विचारले, ‘‘मोठं मशीन घ्यायचं का? किती लागतील ते सांग.’’ त्यांचा पुतण्या पुण्यात शिकून आला होता. त्याचे म्हणणे होते की सर्व्हरवर एचटीएमएल, म्हणजे पानाचा तयार मजकूर, रचण्याची पद्धतच जुनी झाली आहे. सर्व्हरने फक्त जेसन, म्हणजे नुसता डेटा, पाठवावा, रिॲक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी ब्राउझरमध्ये पान रचील आणि सर्व्हरचा भार संपेल. दोन्ही सूचना चांगल्या मनाने केलेल्या होत्या आणि कारण कळण्याआधी दोन्हींपैकी एकही मान्य करणे मला योग्य वाटत नव्हते. मी अण्णांकडे चार दिवस मागितले आणि तोवर सर्व्हर रोज पहाटे पुन्हा सुरू होईल एवढी तात्पुरती सोय केली.

दोन आलेख, दोन आजार

पहिले काम मोजण्याचे होते. प्रत्येक वर्करने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी दर मिनिटाला एका फाइलीत लिहिणारी छोटी स्क्रिप्ट मी लावली आणि चार दिवसांनी तिचा आलेख काढला. त्यात दोन वेगळ्या आकृत्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एक रेषा जिन्यासारखी होती : सकाळी ११०, दुपारी १३५, संध्याकाळी १५५, आणि खाली उतरणे नाहीच. दुसऱ्या आकृतीत मोठी उसळी होती. रोजमेळाचे पान मागितले की त्या वर्करची मेमरी एकदम ३५० च्या पुढे जाई आणि तिथेच सपाट राही. पुन्हा तेच पान मागितले, तरी फारशी वाढ होत नसे.

हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण वरवर पाहता दोन्ही ठिकाणी ‘मेमरी परत मिळत नाही’ असेच दिसते. सपाट राहणारी रेषा ही गळती, म्हणजे नको झालेली मेमरी कायम धरून ठेवत जाणे, नव्हे. पायथॉन ५१२ बाइटपर्यंतच्या लहान वस्तूंसाठी मेमरीचे मोठे तुकडे आधीच घेऊन ठेवतो. आवृत्ती ३.१० पासून असा एक तुकडा १ एमबीचा असतो, त्यापूर्वी तो २५६ केबीचा होता. तुकड्यातील शेवटची वस्तू जाईपर्यंत तो संपूर्ण तुकडा ऑपरेटिंग सिस्टमला परत करता येत नाही. त्यामुळे एका जड पानाने एकदा पाणी जेवढे चढवले, तेवढी खूण भिंतीवर राहते. ती जागा वर्कर पुन्हा वापरतो, पण इतर प्रक्रियांना ती मिळत नाही. जिना मात्र खरी गळती दाखवत होता आणि तिचा उपाय वेगळा होता.

गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी मी चाचणीच्या प्रतीवर ट्रेसमॅलॉक हे कोडची कोणती ओळ किती मेमरी घेते ते दाखवणारे साधन चालवले. पायथॉन ३.४ पासून हे साधन भाषेसोबतच येते. ते स्वतः मेमरी आणि वेळ दोन्ही खाते, म्हणून चालू सर्व्हरवर ते लावण्याच्या मी विरुद्ध आहे. पाचशे भावपत्रके मागवण्यापूर्वी मेमरीच्या वापराची एक छायाप्रत घेतली, मागवल्यानंतर दुसरी घेतली आणि दोन्हींची तुलना केली. सर्वांत वरची ओळ मी स्वतः दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका फंक्शनकडे बोट दाखवत होती.

भावपत्रकाचा साचा

प्रत्येक पार्टीला भावपत्रक थोडे वेगळे लागते. कोणाला टॉवेलचा दर डझनावर हवा असतो, कोणाला नगावर. कोणाला वजनाचा रकाना हवा असतो, कोणाला चादरींचे दर आधी हवे असतात. ही सोय करताना मी प्रत्येक पार्टीचा साचा मजकूर म्हणून डेटाबेसमध्ये ठेवला होता. विनंती आली की त्या मजकुरात पार्टीचे नाव, तारीख आणि दर पायथॉनमध्येच चिकटवायचे आणि तयार झालेला मजकूर जिंजाला साचा म्हणून द्यायचा, असा क्रम होता.

फाइलीतून घेतलेला साचा जिंजा एकदा वाचतो, त्याचे पायथॉनच्या कोडमध्ये रूपांतर करतो आणि ते रूपांतर जपून ठेवतो. या साठ्याची मर्यादा मूळ रचनेत ४०० साच्यांची आहे आणि ती ओलांडली की बराच काळ न वापरलेला साचा बाहेर टाकला जातो. मजकूर म्हणून थेट दिलेल्या साच्याला हा साठा लागू होत नाही, त्याचे रूपांतर प्रत्येक वेळी नव्याने होते. ते मला संथ वाटले होते, म्हणून मी वर्कर चालू असेपर्यंत टिकणारी एक जागतिक डिक्शनरी (किल्लीवरून मूल्य शोधून देणारा साठा) ठेवली होती : साच्याचा मजकूर ही किल्ली आणि रूपांतरित साचा हे मूल्य. पण मजकुरात तारीख आणि दर आधीच मिसळलेले असल्याने दर बदलला की किल्ली बदलत होती. जुनी किल्ली पुन्हा कधीच विचारली जात नव्हती आणि कधीच काढलीही जात नव्हती. पाच वर्करांच्या पाच डिक्शनऱ्या स्वतंत्रपणे फुगत होत्या.

हे दोन वर्षे कसे लपले, याचे उत्तर मला सर्वांत शिकवणारे वाटले. एरवी मी आठवड्यातून एक-दोनदा काही ना काही सुधारणा चढवत असे आणि दर वेळी सर्व वर्कर नव्याने सुरू होत. मार्चमध्ये हिशेबाच्या गडबडीत काही बिघडू नये म्हणून मी पाच आठवडे एकही बदल चढवला नव्हता. स्थैर्यासाठी घेतलेल्या काळजीमुळेच वर्कर प्रथमच एवढे दीर्घकाळ जगले आणि जिना छतापर्यंत पोहोचला.

अण्णांना हे समजावायला मला संगणकाचा शब्द वापरावा लागला नाही. आम्ही मागाजवळ उभे होतो. वर जकार्डवर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती आणि खाली चादरीवर मोर उमटत होता. जकार्ड यांनी फ्रान्समध्ये १८०४ साली जी युक्ती सिद्ध केली ती हीच आहे : नक्षी पुठ्ठ्यात असते आणि सूत वेगळे असते. मी म्हणालो, ‘‘अण्णा, मी प्रत्येक चादरीला नवे पुठ्ठे पाडत होतो, आणि जुने पुठ्ठे माळ्यावर रचून ठेवत होतो.’’ अण्णा क्षणभर माळेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘अन् सुताचा रंगबी पुठ्ठ्यातच भरत होतास.’’ दोषाचे याहून नेमके वर्णन मला करता आले नसते.

रंग पुठ्ठ्यात भरण्याचा धोका मेमरीपुरताच नव्हता. पार्टीचे नाव साच्याच्या मजकुरात चिकटवल्यामुळे, कोणी नावाच्या रकान्यात जिंजाचे दुहेरी महिरपी कंस लिहिले असते, तर त्यातील मजकूर सर्व्हरवर सूचना म्हणून चालला असता. शिवाय या कामासाठी मी जिंजाचे स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट (त्याच्या सेटिंग्जचा वेगळा संच) उभे केले होते. फ्लास्क स्वतःहून जे आपोआप एस्केपिंग (मजकुरातील विशेष चिन्हे निष्प्रभ करणे) चालू ठेवतो, ते अशा स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये मुळात बंद असते. गैरवापर झाला नाही, पण दार उघडे होते आणि ते मीच उघडे ठेवले होते.

आता भावपत्रकाचा साचा एकच आहे आणि तो फाइलीत आहे. कोणते रकाने, कोणत्या क्रमाने, डझनावर की नगावर, ही माहिती पार्टीच्या नोंदीत डेटा म्हणून राहते आणि साचा तिच्यावर फिरतो. डिक्शनरी काढून टाकली. जिना त्याच दिवशी नाहीसा झाला.

₹ चे एक चिन्ह

रोजमेळाच्या उसळीचे गणित वेगळे होते. जुन्या कोडमध्ये आधी सगळ्या ४०,००० नोंदी ओआरएमच्या (डेटाबेसच्या ओळींना पायथॉनच्या वस्तूंचे रूप देणाऱ्या थराच्या) वस्तू म्हणून यादीत येत. मग जिंजा त्यांच्यावरून पानाचे हजारो तुकडे तयार करी, ते जोडून एक अखंड स्ट्रिंग (अक्षरांची सलग माळ) होई आणि शेवटी त्या स्ट्रिंगचे पाठवण्यासाठी यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीच्या बाइटमध्ये रूपांतर होऊन आणखी एक प्रत तयार होई. एकाच पानाची ही चार रूपे काही क्षण एकत्र नांदत होती.

त्यातील अखंड स्ट्रिंगबद्दल एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी असे मला वाटते. आवृत्ती ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, पायथॉन प्रत्येक स्ट्रिंगमधील सर्वांत मोठ्या क्रमांकाचे अक्षर पाहून सर्व अक्षरांची रुंदी ठरवतो. केवळ इंग्रजी अक्षरे असतील तर प्रत्येकी १ बाइट. एक जरी देवनागरी अक्षर आले, तर संपूर्ण स्ट्रिंगमध्ये प्रत्येकी २ बाइट. ₹ चे चिन्हही याच वर्गात मोडते. आमच्या पानात प्रत्येक नोंदीमागे टॅग (पानाची रचना सांगणाऱ्या खुणा) धरून सुमारे ३०० अक्षरे होती, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. त्यातील बहुतेक इंग्रजी टॅगच होते, तरी एका ₹ मुळे १२ एमबीचे २४ एमबी होत होते. त्यात एका पार्टीने ऑर्डरच्या शेऱ्यात फोनवरून हात जोडल्याची इमोजी पाठवली होती. इमोजीचा क्रमांक आणखी वरचा असल्याने प्रत्येक अक्षराला ४ बाइट लागले आणि तेच पान ४८ एमबीवर गेले. त्या पार्टीने नम्रतेने हात जोडले होते, तिचा यात काहीही दोष नाही. देवनागरी टाळणे हा तर उपायच नव्हे. चूक होती ती एवढे मोठे पान एकाच स्ट्रिंगमध्ये धरण्याची. लहान तुकड्यांत काम केले, तर ज्या तुकड्यात इमोजी आहे तेवढाच तुकडा रुंद होतो.

पद्धतीची निवड

पुतण्याच्या प्रस्तावाचा मी मनापासून विचार केला आणि एका दिवसात कच्चा नमुना करून पाहिला. ४०,००० नोंदींचा जेसनही सर्व्हरवर एक अखंड स्ट्रिंग म्हणूनच तयार झाला. टॅग नसल्याने तो लहान होता, पण ओआरएमच्या वस्तूंची यादी, जी मेमरीचा सर्वांत मोठा वाटा खात होती, ती जशीच्या तशी राहिली. पलीकडे ब्राउझरमध्ये तेवढ्याच नोंदींचे डॉम (पानाची ब्राउझरच्या मेमरीतील रचना) तयार होताना दुकानातील जुना अँड्रॉइड फोन गोठून गेला. बार्शीच्या किंवा सांगोल्याच्या दुकानदाराचा फोन हा माझा सर्व्हर नाही. माझ्या मेमरीचा प्रश्न त्याच्या खिशात सरकवणे मला पटले नाही.

पीएचपी या वेबसाठीच्या दुसऱ्या भाषेचाही विषय निघाला, कारण शहरातील माझे अनेक सहकारी त्यातच काम करतात. त्यांचे एक म्हणणे अगदी खरे आहे. पीएचपीत प्रत्येक विनंती संपली की तिची सर्व व्हेरिएबल मोकळी होतात, त्यामुळे माझी डिक्शनरी तिथे फुगलीच नसती. रोजमेळ मात्र तिथेही अडला असता, पण १२८ एमबीच्या ठरलेल्या मर्यादेवर, ‘१३,४२,१७,७२८ बाइट संपले’ अशा स्पष्ट संदेशासह. ती स्पष्टता मला हवीशी वाटली. म्हणून भाषा बदलली नाही, पण सिस्टमडीमध्ये, म्हणजे सर्व्हरवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेत, गनिकॉर्नच्या सेवेला मेमरीची कमाल मर्यादा घालून दिली. आता मेमरी संपलीच, तर त्या कुंपणातील वर्कर जाईल, पोस्टग्रेसला धक्का लागणार नाही.

शेवटी पाने सर्व्हरवरच तयार करायची आणि साचे फाइलीत ठेवायचे असे ठरले. ब्राउझरमध्ये पान रचण्याची पद्धत एका ठिकाणी स्वीकारली, ती ऑर्डरच्या फॉर्मवर. तिथे विक्रेता ओळीमागून ओळ वाढवतो आणि बेरीज लगेच दिसायला हवी असते. त्यासाठी रिॲक्टची गरज पडली नाही, एचटीएमएलचे टेम्प्लेट हे टॅग आणि थोडी जावास्क्रिप्ट पुरली.

रोजमेळ एरवी २०० नोंदींच्या पानांत दिसतो. संपूर्ण वर्ष एकत्र हवे असेल, तेव्हा ते प्रवाही पद्धतीने पाठवले जाते : नोंदी येतील तसे पानाचे तुकडे तयार होतात आणि लगेच बाहेर जातात. हे लिहायला अर्धा दिवस लागला आणि खरे उतरायला तीन दिवस.

पहिल्या प्रयत्नात मेमरी तसूभरही कमी झाली नाही. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर, म्हणजे पायथॉनला डेटाबेसशी जोडणारा दुवा, वेगळे सांगितले नाही तर, क्वेरीचे संपूर्ण उत्तर आधी आपल्या प्रक्रियेत आणून ठेवतो, मग आपण एकेक ओळ मागितली तरी उपयोग नसतो. सर्व्हरच्या बाजूचा कर्सर (उत्तर डेटाबेसमध्येच ठेवून थोडे थोडे देणारी सोय) लावून एका वेळी ५०० ओळी घेऊ लागलो. तरीही उसळी पुष्कळशी राहिली. साचा पुन्हा ओळीओळीने वाचला, तेव्हा पहिल्याच ओळीच्या अनुक्रमांकात ‘१ / एकूण’ असे दाखवण्यासाठी लूपची लांबी विचारलेली दिसली. जिंजाला प्रवाहाची लांबी माहीत नसते. ती सांगण्यासाठी तो सगळा प्रवाह ओढून मुकाट्याने यादी करतो. साच्यातील त्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दाने मागे बांधलेली सगळी व्यवस्था निष्फळ केली होती. एकूण संख्या आता वेगळ्या क्वेरीने काढून साच्याला दिली जाते. तक्ता मॅक्रोमध्ये (साच्यातील पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यात) होता, तोही बाहेर काढावा लागला, कारण मॅक्रोचे फलित एक संपूर्ण स्ट्रिंग म्हणूनच परत येते. चालू शिल्लक पायथॉनमध्ये बेरीज करत न बसता पोस्टग्रेसच्या विंडो फंक्शनने, म्हणजे डेटाबेसमध्येच ओळीओळीची बेरीज करणाऱ्या सोयीने, मिळते.

प्रवाही पद्धतीची एक किंमत आहे आणि ती हिशेबनीस काकांना मी आधीच सांगितली. पहिला तुकडा गेला, की ‘सर्व ठीक’ असा २०० चा निरोपही गेलेला असतो. मध्येच काही बिघडले, तर ब्राउझरला ते कळेलच असे नाही, पान फक्त अर्धवट राहते. अर्धवट रोजमेळ पूर्ण समजून सीएकडे जाणे हे सर्व्हर बंद पडण्यापेक्षा वाईट. म्हणून पानाच्या शेवटी ‘रोजमेळ समाप्त’ अशी ओळ, एकूण नोंदी आणि जमा-नावेची बेरीज येते, आणि ती ओळ नसेल तर पान वापरायचे नाही असा काकांशी ठराव झाला. त्यांनी तो स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

नव्या मांडणीत संपूर्ण वर्ष मागितले, तरी वर्करची मेमरी १३० एमबीच्या आसपास राहते. वर्कर पाचावरून तीनवर आणले, कारण दिवसभरात पाचही एकाच वेळी गुंतल्याचे मोजमापात कधी दिसले नाही. ठराविक विनंत्यांनंतर वर्कर बदलण्याची गनिकॉर्नची सोय चालू ठेवली आहे, संख्येत थोडा फेरफार ठेवून, म्हणजे सगळे एकदम बदलायला जाणार नाहीत. पण मोजमापाच्या महिन्यात ती मुद्दाम बंद ठेवली होती, कारण मला खरी रेषा पाहायची होती. यंत्र तेच २ जीबीचे आहे.

छपाईसाठीचा पीडीएफ एवढेच एक काम या पद्धतीत बसत नाही. पानांची एकूण संख्या आणि ओळींची मांडणी ठरवण्यासाठी आमच्या पीडीएफ लायब्ररीला सगळा मजकूर एकाच वेळी मेमरीत लागतो. म्हणून तो वेब वर्करच्या बाहेर काढला आहे. काकांनी मागणी नोंदवली, की रात्री एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते, एक पीडीएफ तयार करते आणि संपते. प्रक्रिया संपली की तिची सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टमकडे परत जाते, आणि सकाळी दुकान उघडते तेव्हा फाइल हिशेबाच्या खोलीत तयार असते.